अर्थिंगचा खड्डा तपासला. पाइपलाइन कोण तपासणार?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

भोसरी, चाकण, रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एखाद्या कारखान्याला आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ हे वाक्य बहुतेक वेळा असते. अनेकदा ते बरोबरही असेल. पण जिथे मैदा, साखर, स्टार्च, दूध पावडर, औषधांची पावडर, रेझिन किंवा प्लास्टिकचा दाणा हवेच्या जोरावर पाइपमधून नेला जातो, तिथे ठिणगी पडायला विजेची वायर लागत नाही. पाइपमधून धावणारा मालच वीज तयार करतो. या स्थिर विजेने फ्यूज उडत नाही, एमसीबी पडत नाही, मीटरचा काटा हलत नाही. अर्थिंगची म्हणून वर्षातून एकदा जी तपासणी होते ती जमिनीतल्या खड्ड्याची, आणि त्या खड्ड्याचा दाखला पाइपलाइनबद्दल काहीच सांगत नाही. पुणे परिसरात पावडर हाताळणारे लहानमोठे कारखाने इतके आहेत की हा विषय तपशिलाने मांडायलाच हवा. पत्र लांबले आहे, पण या बाबतीत अर्धवट माहितीमुळेच जास्त नुकसान होते.

पावडरचा कण पाइपच्या भिंतीला लागतो आणि सुटतो. सुटताना थोडा विद्युतभार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो. कण एका जातीचा चार्ज घेऊन पुढे निघतो आणि भिंतीवर उलट जातीचा चार्ज राहतो. हिवाळ्यात स्वेटर काढताना होणारी चरचर हीच. फरक प्रमाणाचा आहे. पावडर नुसती चाळली तर किलोमागे फार तर एका मायक्रोकुलंबचा हजारावा भाग इतका चार्ज तयार होतो. तीच पावडर ब्लोअरच्या हवेने पाइपमधून नेली तर तो किलोमागे ०.१ पासून १००० मायक्रोकुलंबपर्यंत जाऊ शकतो. कण जितका बारीक, वेग जितका जास्त आणि बेंड जितके अधिक, तितका चार्ज वाढतो.

एक साधा हिशेब करू. ताशी २ टन माल जातो आणि किलोमागे १० मायक्रोकुलंब चार्ज तयार होतो असे धरले, तर सुमारे साडेपाच मायक्रोअँपिअर करंट सतत तयार होतो. हा इतका क्षुल्लक आहे की पाइपचा तुकडा १ मेगाओहममधून जरी जमिनीला जोडलेला असला तरी त्यावर साडेपाच व्होल्टच्या वर काही साचत नाही. पण तोच तुकडा दोन्ही बाजूंना रबर किंवा टेफ्लॉनच्या गॅस्केटवर तरंगत असेल, म्हणजे जमिनीशी त्याचा विजेचा संबंध तुटलेला असेल, त्याची विद्युतधारिता (चार्ज साठवण्याची क्षमता) १०० पिकोफॅरड असेल आणि त्या करंटचा फक्त शंभरावा हिस्सा त्याच्या वाट्याला येत असेल, तरी अठरा-वीस सेकंदांत तो १०,००० व्होल्टवर पोचतो. मग शेजारच्या अर्थ असलेल्या फ्लँजकडे (पाइपच्या टोकाच्या, बोल्ट लावायच्या कड्याकडे) ठिणगी उडते, तुकडा रिकामा होतो आणि पुन्हा भरू लागतो. माल चालू आहे तोवर दर काही सेकंदांनी हे घडत राहते. दिवसभरात हजारो ठिणग्या, आणि त्यातली एकही बाहेरून दिसत नाही.

त्या ठिणगीत ताकद किती? शंभर पिकोफॅरड आणि १०,००० व्होल्टला ५ मिलिज्यूल. माणसाच्या शरीराची धारिता १०० ते २०० पिकोफॅरड असते. त्याच व्होल्टेजला ५ ते १० मिलिज्यूल. मोठे यंत्र, उदाहरणार्थ रबरी पायांवर बसवलेला वायब्रो सिफ्टर (थरथरणारी यांत्रिक चाळणी), १००० पिकोफॅरडपर्यंत जाऊ शकतो. तिथे ५० मिलिज्यूल. आता दुसरी बाजू पाहा. हवेत उधळलेली मैद्याची किंवा साखरेची बारीक, सुकी धूळ पेटायला साधारण ३० ते ५० मिलिज्यूल पुरतात, अगदी बारीक असेल तर त्याहून कमी. कित्येक औषधी पावडरी आणि रेझिन १० मिलिज्यूलच्या आत पेटतात. गंधकाच्या भुकटीला एक मिलिज्यूलसुद्धा लागत नाही. सिमेंट आणि फ्लाय अॅश यांच्यावरही असाच चार्ज चढतो, पण ती जळत नाहीत. त्यामुळे सिमेंटच्या बल्करवर (सुटे सिमेंट वाहणाऱ्या टँकरवर) वर्षानुवर्षे काम केलेला माणूस ‘एवढ्या वर्षांत काही झाले नाही’ म्हणतो ते खरे असते. साखर किंवा स्टार्चच्या लाइनला मात्र त्याचा अनुभव लागू पडत नाही.

तुकडे तरंगतात कुठे, हे सांगणे सर्वांत महत्त्वाचे. फ्लँजच्या जोडात गॅस्केट असले तरी बोल्ट दोन्ही बाजू जोडतात, म्हणून साध्या जोडात बहुधा अडचण येत नाही. अडचण येते ती बोल्टच्या डोक्याखाली रंग किंवा पावडर कोटिंग असते तेव्हा, नट गंजलेला असतो तेव्हा, किंवा कुणी नायलॉनचे वॉशर घातलेले असतात तेव्हा. ऑडिटच्या आधी सगळी लाइन रंगवून काढण्याची पद्धत आहे. त्या एका रंगकामात वर्षभर नीट असलेले पाच-दहा जोड तुटलेले निघतात. ट्रायक्लोव्हर जोडात (बोल्टऐवजी क्लॅम्पने आवळायच्या जोडात) क्लॅम्प दोन्ही बाजूंना टेकतो खरा, पण सिलिकॉनचे गॅस्केट जाड असले किंवा क्लॅम्प सैल असला तर त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. रबरी स्लीव्हच्या कपलिंगमध्ये दोन्ही पाइपना टेकणारी धातूची पट्टी आत असते. दुरुस्तीत ती पट्टी हरवते आणि कपलिंग मात्र पुन्हा बसते, माल गळत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. अॅक्रिलिकच्या साइट ग्लासमुळे लाइनचे सरळ दोन भाग होतात.

सर्वांत जास्त वेळा सापडणारा दोष मात्र वायब्रो सिफ्टरचा आहे. खाली स्प्रिंग किंवा रबर, वर आणि खाली कापडी किंवा सिलिकॉनचे स्लीव्ह. म्हणजे यंत्र चारही बाजूंनी विजेच्या दृष्टीने वेगळे पडलेले. त्याच्या मोटरला अर्थ असतो, पण चाळणीची रिंग, वरचे झाकण आणि मधला डेक हे रबरी बीडिंगवर बसतात. तिथला जंपर, म्हणजे दोन तुकडे विजेने जोडणारी वायर, सतत थरथरतो आणि लगच्या (टोकाच्या धातूच्या पकडीच्या) मुळाशी तुटतो. इन्सुलेशन असलेली वायर वापरली असेल तर तांबे आतल्या आत तुटलेले असते आणि बाहेरून सगळे ठीक दिसते. म्हणून जंपर उघड्या, वेणीसारख्या विणलेल्या तांब्याच्या पट्टीचा हवा, थोडा सैल सोडलेला हवा, आणि सिफ्टरवर तो दर आठवड्याला पाहायला हवा. इथे जाड केबलचा काही उपयोग नाही. करंट मायक्रोअँपिअरमध्ये आहे. जाडी लागते ती फक्त हाताळणी आणि थरथर सोसण्यासाठी.

मोजणी कशी करावी? आधी लाइन थांबवून ब्लोअर आणि रोटरी व्हॉल्व्हला (लाइनमध्ये माल सोडणाऱ्या फिरत्या झडपेला) लॉक लावावे, आजूबाजूची धूळ साफ करावी. मग साध्या मल्टिमीटरने, लीडचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करून, प्रत्येक धातूच्या तुकड्यापासून अर्थच्या पट्टीपर्यंत मोजावे. ‘प्रत्येक’ हा शब्द अक्षरशः घ्यावा: प्रत्येक पाइप, बेंड, डायव्हर्टर, रोटरी व्हॉल्व्हची बॉडी आणि तिचा रोटर, सिफ्टरची प्रत्येक रिंग, हॉपरचे झाकण, फिल्टरच्या बॅगेतला प्रत्येक केज (लोखंडी सांगाडा). प्रोब रंगावर टेकवून उपयोग नाही. रंग खरवडून ठरावीक जागा उघडी ठेवावी आणि तिथे खूण करावी. रीडिंग १० ओहमच्या आत हवे. चार्ज वाहून जायला १ मेगाओहम पुरतो हे वर आलेच आहे. मग १० ओहमचा आग्रह कशासाठी, असे मेंटेनन्सची माणसे विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. धातूला धातू नीट टेकलेला असेल तर रीडिंग १० ओहमच्या वर जातच नाही. पाचशे ओहम आले याचा अर्थ मध्ये गंज किंवा रंगाचा पापुद्रा आहे. आज तो पाचशे दाखवतो, दोन महिन्यांनी पूर्ण तुटलेला असेल.

अँटिस्टॅटिक होज, फिल्टरचे कापड, कामगारांचे बूट यांना हा १० ओहमचा नियम लागू नाही. ती मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) मोजायची आणि तिथे मर्यादा मेगाओहममध्ये असतात. बुटांसाठी १०० मेगाओहमच्या आत. मेगर धुळीच्या वातावरणात, माल चालू असताना कधीही लावू नये. तो स्वतःच शेकडो व्होल्ट देतो.

स्टॅटिकसाठी वेगळा खड्डा खणायची गरज नाही. कारखान्याच्या मूळ अर्थिंगलाच लाइन जोडावी. वेगळा खड्डा खणून तो मूळ अर्थिंगशी जोडला नाही तर दोन अर्थमध्येच व्होल्टेजचा फरक राहू शकतो.

खाद्य आणि औषध कारखान्यांत माल बदलताना लाइन खोलून धुतात. जोडताना गॅस्केट आठवणीने बसते, कारण ते विसरले तर पावडर उडते. जंपर विसरला तर काहीच होत नाही, निदान त्या दिवशी. यावर उपाय म्हणजे जंपरचे लग फ्लँजच्या बोल्टखाली न घेता पाइपवर वेल्ड केलेल्या वेगळ्या स्टडवर घ्यावे, आणि लाइन क्लिअरन्सच्या कागदावर ‘जंपर लावला, इतके ओहम आले’ अशी आकडा लिहायची जागा ठेवावी. नुसत्या टिकमार्कची जागा ठेवली तर टिकमार्कच होतो.

आता प्लास्टिकच्या पाइपबद्दल. खर्च वाचवायला किंवा माल दिसावा म्हणून पीव्हीसी किंवा अॅक्रिलिकचा पाइप घालतात आणि त्यावर बाहेरून तांब्याची तार गुंडाळून ती अर्थ करतात. ही पद्धत इतकी पसरली आहे की कित्येक ठिकाणी ती सुरक्षेचा उपाय म्हणून दाखवली जाते. ती उपाय नाही. चार्ज पाइपच्या आतल्या पृष्ठभागावर बसतो आणि प्लास्टिक त्याला हलू देत नाही. बाहेरची तार तो काढू शकत नाही. उलट पातळ प्लास्टिकच्या बाहेर अर्थ केलेला धातू आला की आतल्या चार्जला समोरून उलट चार्जची जोड मिळते आणि आत कितीतरी जास्त चार्ज साठू लागतो. तो एका मर्यादेपलीकडे गेला की सगळा पृष्ठभाग एकदम रिकामा होतो. या डिस्चार्जमध्ये १ ज्यूल, म्हणजे १००० मिलिज्यूलपर्यंत ऊर्जा असू शकते. जवळपास कोणतीही जळणारी पावडर तेवढ्यात पेटते. पाइपला सुईच्या टोकाएवढी भोके पडलेली दिसली तर ती झीज समजून एम-सील लावू नये. तो याच डिस्चार्जचा पुरावा असू शकतो. बेंड झिजू नये म्हणून आतून रबर किंवा पीयूचे (पॉलियुरेथेनचे) अस्तर लावलेल्या लोखंडी पाइपमध्येही हाच धोका असतो, कारण तिथेही धातूवर प्लास्टिकचा थर आहे. ज्या अस्तरातून ४ किलोव्होल्टच्या आत चार्ज आरपार जातो तिथे हा डिस्चार्ज होत नाही. अस्तर विकत घेताना हा आकडा विचारावा. जळणाऱ्या पावडरसाठी पाइप सरळ स्टेनलेस स्टीलचा किंवा अॅल्युमिनियमचा घ्यावा, हे आमचे स्पष्ट मत आहे.

होजच्या बाबतीत एक बारकावा. पारदर्शक होजमध्ये दिसणारी सर्पिल रेघ कधी स्टीलच्या तारेची असते, तर कधी नुसत्या कडक प्लास्टिकची. विकत घेताना टोक कापून पाहावे. स्टीलची तार असेल तर ती दोन्ही टोकांना सुमारे ५ सेंटिमीटर सोलून होजच्या आत वळवावी, म्हणजे क्लॅम्प आवळल्यावर ती धातूच्या नळीवर दाबली जाते. बहुतेक ठिकाणी ती होजबरोबरच कापून टाकलेली असते. मग काही मीटर लांबीची स्टीलची स्प्रिंग प्लास्टिकमध्ये तरंगत राहते आणि तीच ठिणगी देते. तार दोन्हीकडे जोडली की एका ठिकाणी तुटली तरी दोन्ही भाग अर्थ राहतात. म्हणून एकच टोक जोडून समाधान मानू नये.

चाकण, भोसरीच्या मोल्डिंग शॉपमध्ये हॉपर लोडरवर हा होज रोज दिसतो. दाणा स्वतः सहज पेटत नाही, पण रीग्राइंडबरोबर (दळून पुन्हा वापरलेल्या प्लास्टिकबरोबर) येणारी बारीक पूड पेटते. शिवाय तिथे आणखी एक त्रास असतो. शिडीवर उभ्या असलेल्या ऑपरेटरला लोडरचा झटका बसतो आणि तो दचकून खाली पडतो. झटक्याने इजा होत नाही, पडण्याने होते. झटका बसल्याची तक्रार ‘थंडीत होतेच’ म्हणून सोडून देऊ नये. माणसाला झटका जाणवला याचा अर्थ साधारण अर्धा ते एक मिलिज्यूल ऊर्जा तिथे होती. मीटर नसलेल्या कारखान्यात हेच पहिले मोजमाप समजून त्या दिवशी त्या जागेची वायर, क्लॅम्प आणि जोड तपासावेत.

बॅग फिल्टरमध्ये सर्वांत बारीक धूळ सतत हवेत असते, आणि बॅगा झटकणाऱ्या हवेच्या पल्सच्या दर झटक्याला ती पुन्हा उधळते. पावडर पेटायला याहून सोयीची जागा सबंध लाइनमध्ये नाही. बॅगच्या वरच्या फेल्टच्या कॉलरमुळे आतला लोखंडी केज ट्यूबशीटपासून (बॅगा ज्या पत्र्यात टांगतात त्यापासून) वेगळा पडतो. अँटिस्टॅटिक बॅगच्या कापडात कार्बनचे किंवा स्टीलचे धागे असतात आणि कॉलरवर ते केजला व ट्यूबशीटला टेकतील अशी शिवण असते. एकदा बॅगा बदलताना साधे पॉलिएस्टर आणले की सगळे केज एका दिवसात तरंगू लागतात. खरेदी विभागाच्या ऑर्डरमध्ये ‘अँटिस्टॅटिक’ हा शब्द आणि रेझिस्टन्सचा आकडा दोन्ही हवेत, आणि बॅग बसवल्यावर केज ते ट्यूबशीट मोजायला हवे. फिल्टरवरच्या एक्स्प्लोजन व्हेंटचे (स्फोटाचा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपेचे) तोंड मोकळ्या जागेकडे असावे, रस्त्याकडे किंवा कँटीनच्या वाटेकडे नको. पाऊस आत येतो म्हणून त्यावर पत्रा ठोकलेला असतो, तो काढावा.

इथवर जे सांगितले ते अर्थिंगने सुटते. पुढची गोष्ट सुटत नाही, आणि ती कमी लोकांना माहीत असते. चार्ज झालेला माल शेवटी हॉपरमध्ये पडतो. माल जास्त रोधकतेचा असेल, म्हणजे बहुतेक प्लास्टिक आणि काही औषधी पावडरी, तर हॉपर कितीही चांगला अर्थ केलेला असला तरी चार्ज ढिगाच्या आतच राहतो आणि ढिगाच्या पृष्ठभागावरून भिंतीकडे डिस्चार्ज होतो. त्याची ऊर्जा हॉपरचा व्यास आणि कणाचा आकार यांवर अवलंबून असते. आयईसी ६००७९-३२-१ या मानकातल्या सूत्राने २ मीटर व्यासाच्या हॉपरसाठी आकडा काढला, तर ०.१ मिलिमीटर कणाला जेमतेम २ मिलिज्यूल येतात आणि ३ मिलिमीटर दाण्याला २५० च्या पुढे. म्हणजे मोठा डिस्चार्ज जाड दाणा देतो आणि पेटते ती त्याच्याबरोबर आलेली बारीक पूड. म्हणून दाण्याची लाइन ‘यात पावडर नाही’ म्हणून निर्धास्त सोडता येत नाही. उपाय म्हणजे पूड आधीच वेगळी करणे, वेग कमी करणे, एका मोठ्याऐवजी दोन लहान व्यासाचे हॉपर घेणे, आणि फारच संवेदनशील मालाला नायट्रोजन. नायट्रोजन वापरला तर त्या हॉपरमध्ये उतरणाऱ्या माणसाचा गुदमरून जीव जाऊ शकतो, त्याची व्यवस्था वेगळी करावी लागते. माल भरून झाल्याबरोबर धातूचा स्कूप किंवा मोजपट्टी आत घालू नये.

वेगाबद्दल एक सूचना सहज करता येण्यासारखी आहे. लाइन चोक होऊ नये म्हणून ब्लोअर गरजेपेक्षा जास्त हवेवर चालवतात. त्यात हवा पुढे जाताना प्रसरण पावते हे विसरले जाते. सुरुवातीला बाहेरच्या हवेपेक्षा अर्धा बार जास्त दाब आणि सेकंदाला २० मीटर वेग असेल तर त्याच व्यासाच्या पाइपच्या शेवटी वेग ३० मीटरवर जातो, आणि फिल्टर व हॉपर तिथेच असतात. शेवटच्या टप्प्यात पाइपचा व्यास एक साइजने वाढवला किंवा ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) लावून हवा थोडी थोडी कमी करत नेली, तर चार्ज, दाण्याची मोडतोड आणि विजेचे बिल तिन्ही कमी होतात. हवा कमी करताना चोक होण्याच्या पातळीच्या वर थोडी जागा ठेवूनच थांबावे.

‘पावसाळ्यात स्टॅटिक नसते’ हा समज पुण्यात पक्का आहे. मोकळ्या हवेत तो बराचसा खरा आहे; एप्रिलच्या कोरड्या दुपारी बसणारा झटका जुलैत बसत नाही. पाइपच्या आत मात्र वेगळे असते. पावसाळ्यातली ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा ब्लोअरने अर्ध्या बारवर दाबली की ती सुमारे ८० अंशांपर्यंत तापते, आणि कूलर नसेल तर तिची सापेक्ष आर्द्रता दहा-बारा टक्क्यांवर येते. पीईटी (बाटल्यांचे प्लास्टिक) आणि नायलॉनच्या दाण्याला तर ड्रायरची, उणे ४० अंश दवबिंदूची हवा देतात. अशा लाइनला वर्षाचे बारा महिने कडक उन्हाळाच असतो.

पावडर कोटिंगचा उल्लेख केल्याशिवाय पिंपरी-चिंचवडमधले हे पत्र अपुरे राहील. तिथे फवारणीची गन त्या पावडरला मुद्दाम चार्ज देते, तोही ६० ते १०० किलोव्होल्टचा. तो चार्ज जॉबवरून (कोटिंग करायच्या वस्तूवरून), ती ज्याला टांगलेली असते त्या हुकमार्गे अर्थला जायला हवा. हुकवर जुन्या, भट्टीत पक्क्या झालेल्या कोटिंगचे थर साचले की जॉब तरंगतो. मग कोटिंगही नीट बसत नाही आणि जॉब जवळच्या धातूकडे ठिणगी टाकतो. जॉब ते अर्थ १ मेगाओहमच्या आत हवे. हुक ठरावीक फेऱ्यांनंतर जाळून किंवा स्ट्रिपरमध्ये टाकून साफ करणे हे दर्जाचे आणि सुरक्षेचे, दोन्हींचे काम आहे. बूथपासून सायक्लोनपर्यंतच्या डक्टला वर सांगितलेले सगळे नियम लागू आहेत.

जम्बो बॅगच्या (पावडर भरायच्या मोठ्या विणलेल्या पोत्याच्या) टाइपकडे फार थोडे लोक पाहतात. ए टाइप साधी असते आणि जळणाऱ्या पावडरसाठी चालत नाही. बी टाइपमध्ये मोठा डिस्चार्ज होत नाही, पण आसपास सॉल्व्हंटची वाफ असेल तर ती वापरायची नाही. सी टाइपमध्ये वाहक धागे असतात आणि भरताना व रिकामी करताना क्लॅम्प लावावाच लागतो. क्लॅम्प न लावलेली सी टाइप बॅग साध्या बॅगेपेक्षा धोकादायक, कारण ती एक मोठा तरंगता वाहक होऊन लटकते. डी टाइपला क्लॅम्प लागत नाही, पण जवळ उभी असलेली माणसे आणि ड्रम अर्थ असावे लागतात. बॅगेवर लेबल शिवलेले असते. स्टोअरमध्ये माल उतरवतानाच ते वाचले पाहिजे.

पहिला स्फोट बहुतेक वेळा लहान असतो. माणसे मरतात ती दुसऱ्या स्फोटात, जेव्हा पहिल्याच्या धक्क्याने बीम, केबल ट्रे आणि छतावर साचलेली धूळ खाली उधळते आणि पेटते. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात असेच झाले आणि १४ जणांचा जीव गेला. तिथले मूळ कारण स्थिर वीज नव्हती, तापलेले बेअरिंग असावे असा तपासाचा निष्कर्ष होता. पण इमारतभर साचलेली साखरेची धूळ हे नुकसानाचे कारण होते. धुळीचा पाऊण मिलिमीटरचा थरही धोकादायक मानला जातो. तो झाडूने किंवा कॉम्प्रेस्ड एअरने उडवू नये. धुळीसाठी बनवलेला, अर्थ असलेला व्हॅक्यूम वापरावा.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३७ ने स्फोट होऊ शकेल अशा धुळीबाबत यंत्रे बंदिस्त करणे, धूळ साचू न देणे आणि पेट घेण्याची सर्व कारणे दूर ठेवणे ही जबाबदारी मालकावर टाकली. ‘सर्व कारणे’ यात स्थिर वीज येतेच. म्हणून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आणि सुरक्षा ऑडिट करणाऱ्यांना आमची विनंती आहे की पावडर हाताळणाऱ्या कारखान्यात अर्थिंग पिटच्या दाखल्यावर थांबू नये. लाइनचे चित्र, त्यावर प्रत्येक तुकड्याला क्रमांक, आणि क्रमांकासमोर ओहमचा आकडा व तारीख असा तक्ता मागावा. ही मोजणी दिवाळीनंतर, कोरडी हवा सुरू होण्याच्या वेळी एकदा आणि प्रत्येक मोठ्या दुरुस्तीनंतर किंवा रंगकामानंतर पुन्हा व्हावी. ४ मार्चपासूनच्या सुरक्षा सप्ताहात शपथ आणि पोस्टर होतातच. त्याच आठवड्यात एक फिटर आणि एक इलेक्ट्रिशियन यांना मल्टिमीटर देऊन एक लाइन पूर्ण तपासायला लावणे कुठल्याही कारखान्याला परवडते.

याच्या जोडीला मालाची चाचणी हवी. पावडरच्या सुरक्षा पत्रकात स्फोटाच्या रकान्यात बहुधा ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहिलेले असते आणि पुरवठादाराला कोणी परत विचारत नाही. निदान तीन आकडे विचारावेत: पेटायला लागणारी किमान ऊर्जा, रोधकता आणि स्फोटाच्या तीव्रतेचा केएसटी. नमुना आपल्या फिल्टरमधून काढलेल्या बारीक, सुक्या धुळीचा द्यावा. गोणीतल्या मालाचा दिला तर आकडा प्रत्यक्षापेक्षा सुरक्षित दिसतो, आणि व्हेंटचे आकारमान त्याच आकड्यावर ठरते.

आपले,
पावडर हाताळणी आणि प्रक्रिया सुरक्षा या क्षेत्रात काम करणारे काही अभियंते,
पिंपरी-चिंचवड, पुणे